२४ गाणी, २,२२,००० डॉलर : हा आकडा घटनेच्या कसोटीवर टिकला कसा?

कोरा_कागद
मंगळवार, रात्री ११:१२

एलएलएमच्या सेमिनारसाठी अमेरिकेतल्या संगीत-कॉपीराइटच्या खटल्यांवर पेपर लिहितेय आणि एका ठिकाणी गाडी रुतली आहे. खटला कॅपिटल रेकॉर्ड्स विरुद्ध थॉमस-रॅसेट. मिनेसोटातली एक बाई, कझा या फाइल-शेअरिंग प्रोग्रामवर २४ गाणी शेअर केल्याचा आरोप. २००७ साली पहिल्या ज्युरीने २,२२,००० डॉलर लावले. ज्युरीला आपण चुकीची सूचना दिली असं म्हणत न्यायाधीश डेव्हिस यांनी पुढच्या वर्षी स्वतःच तो निकाल मोडीत काढला. २००९ ला दुसरी ज्युरी बसली : १९,२०,०००. न्यायाधीशांनी ते ५४,००० वर आणले, रेकॉर्ड कंपन्यांनी नाकारले. २०१० ला तिसरी ज्युरी : १५,००,०००. परत ५४,०००, आणि या खेपेला 'घटनेनुसार याहून जास्त लावताच येत नाही' असं लिहून. मग २०१२ ला आठव्या सर्किटने (म्हणजे तिथल्या संघीय अपील कोर्टाने) फिरून २,२२,००० वर आणून ठेवलं, आणि २०१३ ला सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायलाच नकार दिला.

म्हणजे गाण्यामागे ९,२५० डॉलर. तेच गाणं तेव्हा ९९ सेंटला विकत मिळायचं.

माझे दोन प्रश्न. बीएमडब्ल्यू विरुद्ध गोर (१९९६) मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की दंडात्मक भरपाई नुकसानीच्या फार पलीकडे गेली तर ड्यू प्रोसेसचा, म्हणजे रीतसर न्यायाच्या घटनात्मक हमीचा, भंग होतो. ते इथे का लागू पडलं नाही? आणि दुसरा : या कंपन्यांच्या वसुलीच्या पद्धतीविरुद्ध कोणी कधी कोर्टात जिंकलं का, की सगळे हरलेच?

निकालपत्र वाचलंय, पण माझी सहानुभूती मध्ये येते. आमचे सर म्हणतात, "कळवळा हा युक्तिवाद नव्हे." बरोबरच आहे त्यांचं.

मुदतवाढ
बुधवार, सकाळी ७:४०

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो, तारखेला जायचंय.

तुम्ही १९९६ चा निकाल धरून बसलात, कोर्ट १९१९ च्या निकालावर गेलं. सेंट लुई रेल्वे विरुद्ध विल्यम्स वाचा. आर्कान्सामध्ये रेल्वेने दोन प्रवाशांकडून प्रत्येकी ६६ सेंट जास्त भाडं घेतलं. राज्याच्या कायद्यात अशा गुन्ह्याला ५० ते ३०० डॉलर दंड, आणि तो प्रवाशालाच मिळायचा. दोघींना ७५-७५ डॉलर मंजूर झाले. रेल्वे म्हणाली, ६६ सेंटांसाठी ७५ डॉलर म्हणजे एकशे तेरा पटींच्या वर, हे घटनेत बसत नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं, बसतं. कायद्याने ठरवलेली रक्कम खाजगी नुकसानीशी जुळायलाच हवी असं नाही, सार्वजनिक अपराधाच्या मापाने ती ठरवता येते. रद्द कधी होईल? इतकी जाचक असेल की अपराधाशी तिचा काही मेळच राहिला नाही, तेव्हा.

गोर वेगळा. तिथे ज्युरी आकडा हवेतून काढते आणि प्रतिवादीला आधी कल्पना नसते. इथे कायद्यात छापलेलंच आहे : प्रत्येक कृतीमागे ७५० ते ३०,०००, हेतुपुरस्सर असेल तर १,५०,००० पर्यंत. 'कल्पना नव्हती' म्हणायला जागा उरत नाही. शिवाय त्याच पट्ट्यात ९,२५० तसे खालच्या बाजूलाच बसतात.

एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. अपिलात कंपन्यांनी १५ लाख मागितलेच नाहीत. फक्त पहिले २,२२,००० परत द्या म्हणाल्या. हुशार वकील होते. कोर्टाला अवघड वाटेल असा आकडा त्यांनी समोर ठेवलाच नाही.

पेपरसाठी सूचना : बॉस्टनचा टेननबॉमचा खटला शेजारी ठेवा. ३० गाणी, ६,७५,००० डॉलर. न्यायाधीश गर्टनर यांनी घटनेच्या आधारावर ते ६७,५०० केले. पहिल्या सर्किटने २०११ ला सांगितलं, घटनेला हात घालण्याआधी रक्कम कमी करायचा साधा मार्ग वापरून बघायला हवा होता. शेवटी २०१३ ला तेच सर्किट ६,७५,००० कायम करून मोकळं झालं. तात्पर्य, मोठ्या दाराने, म्हणजे घटनेच्या आधाराने, आत जाणारे दोघेही बाहेर पडले.

जुना_मॉडेम
बुधवार, रात्री १०:०५

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. मी वकील नाही. २००३ ते २००७ अमेरिकेत एका विद्यापीठात एमएस आणि मग पुढचं करत होतो, आणि फी माफ व्हावी म्हणून तिथल्या नेटवर्क विभागात वीस तास काम करायचो. या खटल्यांतली 'पुराव्याची साखळी' म्हणतात ना, तिची एक कडी म्हणजे तळघरातल्या खिडकीमागे बसलेला मी.

मुदतवाढ साहेबांनी मोठ्या दाराचं सांगितलं. मागच्या दाराने बरेच लोक जिंकले. फक्त त्या विजयांवर कोणी पोवाडे रचले नाहीत, कारण ते सगळे कागदपत्रांतल्या चुकांवरचे विजय होते.

सुरुवातीला पद्धत अशी होती : कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, कोर्टाच्या कारकुनाकडे अर्ज टाकायचा, कारकुनाने सबपीनावर, म्हणजे माहिती हजर करण्याच्या हुकमावर, शिक्का मारायचा, आणि इंटरनेट कंपनीने ग्राहकाचं नाव द्यायचं. न्यायाधीश मध्ये नाहीच! डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्याच्या एका पोटकलमाचा आधार होता. व्हेरायझन ही इंटरनेट कंपनी नडली. खालच्या कोर्टात हरली, पण १९ डिसेंबर २००३ ला डीसी सर्किटने निकाल दिला की जी कंपनी नुसतं दळणवळण करते, जिच्या सर्व्हरवर फाइल नाही, तिला हे पोटकलम लागत नाही. त्याच उन्हाळ्यात एमआयटी आणि बॉस्टन कॉलेजने याहून साधा मुद्दा काढला होता : सबपीना वॉशिंग्टनच्या कोर्टाचा, आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये. तोही चालला. तोपर्यंत २६१ लोकांवर खटल्यांची पहिली लाट मात्र येऊन गेली होती, त्यात न्यूयॉर्कची बारा वर्षांची मुलगी होती. तिच्या घरच्यांनी २,००० डॉलर भरून मिटवलं.

मग आरआयएएने चाल बदलली. जानेवारी २००४ मध्ये ५३२ 'जॉन डो'वर, म्हणजे नाव माहीत नसलेल्या माणसांवर खटले. आधी आयपी पत्त्यावर, म्हणजे मशीनच्या इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यावर, खटला भरायचा, मग कोर्टाच्या हुकमाने नाव काढून घ्यायचं, आणि नाव हाती आलं की तो खटला सोडून द्यायचा. एका अर्जात चाळीस-पन्नास अनोळखी माणसं, एकाच फीमध्ये! ऑस्टिनच्या न्यायाधीशांनी त्याच वर्षी म्हटलं, ही माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, वेगवेगळे खटले भरा, वेगवेगळी फी भरा. तुमच्या पेपरात 'जॉइंडर' (अनेकांना एकाच खटल्यात गोवणं) या शब्दाला चार ओळी नक्की द्या. घटनेने जे केलं नाही ते कोर्ट फीच्या पावतीने थोडं तरी केलं.

आता माझ्या खिडकीतलं.

फेब्रुवारी २००७ पासून नवीनच प्रकार आला : खटल्याआधीचं पत्र. ते आमच्याकडे यायचं आणि विद्यापीठाने ते विद्यार्थ्याला पोचवावं अशी 'विनंती' असायची. आत्ता मिटवलंत तर साधारण ३,००० डॉलर, खटला झाल्यावर जास्त. पैसे भरायला वेबसाइटसुद्धा होती, कार्ड चालायचं. विस्कॉन्सिनच्या विद्यापीठाने पत्रं पोचवायला सरळ नकार दिला. आमच्या विद्यापीठाने पोचवली.

माझं काम असं : पत्रातला आयपी पत्ता आणि वेळ घ्यायची, डीएचसीपीचा लॉग (कोणत्या मशीनला कधी कोणता पत्ता दिला त्याची नोंद) उघडायचा, त्या मिनिटाला तो पत्ता कोणत्या मशीनकडे होता ते बघायचं, आणि मशीनच्या नोंदणीवरून नाव काढायचं. चार मिनिटांचं काम. मी एका दुपारी अकरा नावं काढलेली आहेत आणि मध्ये सँडविच खाल्लेलं आहे.

त्या वसंतात एक मुलगी खिडकीशी आली. हातात पत्र आणि गाण्यांच्या यादीचं प्रिंटआउट. म्हणाली, "ही गाणी मी ऐकत नाही." आमच्याकडे येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा, त्यामुळे मी मान डोलावली. मग तिने बॅगेतून लॅपटॉप काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, बघा म्हणाली. पांढरं मॅकबुक. पत्रात लिहिलेला फाइल-शेअरिंगचा प्रोग्राम एरीस. एरीस फक्त विंडोजवर चालायचा.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, खोलीत दुसरा कॉम्प्युटर असेल. मला काही ते पटेना. रात्री परत लॉग काढला. पत्रातली तारीख मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली. आणि मग डोक्यात ट्यूब पेटली. त्या वर्षी अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे करायची तारीख बदलली होती. आधी एप्रिलचा पहिला रविवार असायचा, २००७ पासून मार्चचा दुसरा रविवार, म्हणजे ११ मार्च. आमच्या लॉग सर्व्हरला ते कोणी सांगितलंच नव्हतं. तीन आठवडे तो बिचारा एक तास मागे चालत होता, आणि लॉग लिहीत होता स्थानिक वेळेत. वसतिगृहाच्या वायरलेसवर पत्ता अर्ध्या तासाला हात बदलायचा. मी जिचं नाव काढलं, तिला तो पत्ता प्रत्यक्षात एक तास उशिरा मिळाला होता.

मग त्या तीन आठवड्यांतली सगळी नावं परत काढली. सहापैकी दोन चुकली होती. दोन्ही मीच काढलेली.

विद्यापीठाने दुरुस्तीचं पत्र पाठवलं, त्यात चुकीचं कारण 'तांत्रिक' असं लिहिलं. त्या मुलीची माफी कोणी मागितली नाही. मीही नाही, खरं सांगायचं तर. दिसली तेव्हा मी खिडकीवरून उठून आत गेलो. दुसऱ्या मुलाने तोवर पैसे भरले होते. ते परत मिळाले का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून सांगतो, ज्युरीने किती डॉलर लावले हे नंतरचं. ज्या टोकाला 'हाच तो माणूस' ठरतो, ते टोक बघा. ओरेगनमध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरलने २००७ च्या शेवटी विद्यापीठाच्या बाजूने हाच मुद्दा घेऊन सबपीनाला विरोध केला : काही पत्ते दोघांच्या सामायिक खोलीचे आहेत, त्यांतला कोण ते आम्ही कसं सांगणार? ते वाचलं तेव्हा मला उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या. आम्ही कधी तसं म्हटलं नाही. आम्ही नाव देऊन मोकळे.

वादी_संवादी
गुरुवार, दुपारी १:३०

मी ध्वनिमुद्रण करतो, बावीस वर्षं झाली. वरचे प्रतिसाद वाचून असं वाटतंय की जगात फक्त निष्पाप मुली आणि दुष्ट कंपन्या आहेत.

थॉमस-रॅसेट बाईंच्या शेअर फोल्डरमध्ये १,७०० च्या वर फाइल्स होत्या, कंपन्यांनी दावा लावला २४ वर. संगणकाची हार्ड डिस्क मध्येच बदललेली निघाली. टेननबॉमने तर साक्षीतच कबूल केलं की मी गाणी उतरवली, वाटली आणि आधी खोटं बोललो. हे कोणी लिहीत नाही. एका माणसाने फोल्डर उघडा टाकला की गाणं किती जणांकडे गेलं हे मोजायची सोयच नाही, म्हणूनच कायद्याने ठरावीक रक्कम ठेवली आहे. नुकसान सिद्ध करा म्हणालात तर एकही खटला उभा राहणार नाही, आणि हे कोरा_कागद यांच्या सरांनाही माहीत असेल.

गाण्याची किंमत ९९ सेंट हे धरून हिशेब करणं मला तर हास्यास्पद वाटतं. ९९ सेंटमध्ये ऐकायचा हक्क मिळतो, जगाला वाटायचा नाही.

जुना_मॉडेम
गुरुवार, रात्री ९:१८

वादी_संवादी, शेवटचं वाक्य एकदम मान्य. ९९ सेंटचा हिशेब मलाही कच्चा वाटतो. बचावाचे चांगले वकील तो वापरतही नसत. ब्रुकलिनच्या लिंडोर खटल्यात घाऊक दराचा, गाण्यामागे ७० सेंटचा मुद्दा घेतला होता, आणि न्यायाधीशांनी २००६ ला तो बचाव निदान नोंदवून घेऊ दिला.

हार्ड डिस्कचंही खरं. बाईंचा बचाव पोकळ होता, आणि म्हणूनच माझी चिडचिड होते. घटनेचा इतका मोठा प्रश्न ज्या दोन खटल्यांवर टांगला, त्या दोन्हींत प्रतिवादी खोटे पडलेले. ज्यांच्यावर चुकून आळ आला ते तिथपर्यंत पोचलेच नाहीत. ते ३,००० भरून घरी गेले, किंवा कंपन्यांनीच दावा मागे घेतला.

पण 'वाटायचा हक्क' म्हणालात, तिथेच खरी मेख आहे. फोल्डर उघडा ठेवणं म्हणजे वाटणं का? कायद्यात 'डिस्ट्रिब्यूट' आहे. 'कोणी घेतलं नाही पण घेता आलं असतं' हे त्यात बसतं का? पहिल्या ज्युरीला न्यायाधीशांनी सांगितलं होतं, बसतं. २००८ ला त्यांनाच शंका आली. २,२२,००० पहिल्यांदा रद्द झाले ते या एका सूचनेमुळे, घटनेचा तिथे संबंध नव्हता. त्याच वर्षी अॅरिझोनात आणि मॅसॅच्युसेट्समध्येही न्यायाधीशांनी 'नुसतं ठेवणं पुरत नाही' असं म्हटलं. मग सिद्ध काय झालं? एवढंच की कंपन्यांनीच नेमलेल्या मीडियासेंट्रीने ती गाणी उतरवून घेतली. मालकाच्या माणसाने मालकाचं गाणं घेतलं, तर ती चोरी का? डेव्हिस म्हणाले, धरता येईल. मला अजून गंमत वाटते त्याची. आठव्या सर्किटने २०१२ ला 'ठेवणं म्हणजे वाटणं का' यावर बोलायचंच टाळलं.

मुदतवाढ
शुक्रवार, सकाळी ८:०२

कोरा_कागद, वकिलांची फी विसरू नका. माझ्या मते खरी जीत तीच. १९९४ च्या फोगर्टी निकालाने ठरवलं की कॉपीराइट खटल्यात जिंकलेल्या प्रतिवादीलाही वादीच्याच निकषावर फी मिळू शकते. ओक्लाहोमात एका बाईवर केवळ इंटरनेटचं खातं तिच्या नावावर म्हणून दावा ठोकला. ती नमेना, तेव्हा कंपन्या दावा मागे घेऊन निघाल्या. न्यायाधीश म्हणाले, असं कसं? २००७ ला तिला ६८,६८५ डॉलर २३ सेंट फी मिळाली. ते २३ सेंट मला फार आवडतात. ओरेगनच्या एका बाईलाही पुढच्या वर्षी एक लाखाच्या वर मिळाली. डिसेंबर २००८ मध्ये आरआयएएने माणसांवरचे नवे खटले थांबवत असल्याचं जाहीर केलं. तोवर आकडा ३५,००० च्या घरात होता.

पुढे मोर्चा इंटरनेट कंपन्यांकडे वळला. कॉक्सवर २०१९ ला १ अब्ज डॉलर, १०,०१७ कृतींसाठी. चौथ्या सर्किटने २०२४ ला ती रक्कम रद्द केली, आणि प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. पण ते तुमच्या पेपरात कोंबू नका, पानं पुरणार नाहीत.

कोरा_कागद
शुक्रवार, रात्री १०:४७

सगळ्यांचे आभार. विषयच बदलतेय. शीर्षकात 'घटनात्मक आव्हान' होतं, तिथे आता 'ओळख पटवणे' येईल. सर ओरडतील, पण बघू. वादी_संवादी, तुमचा १,७०० फाइल्सचा मुद्दा पहिल्याच पानावर घेतेय, म्हणजे कळवळ्याचा आरोप नको.

जुना_मॉडेम काका, तुमच्या त्या मार्चच्या लॉगचा काही कागद आहे का? नाव-गाव काढून टाकून उदाहरण म्हणून वापरता येईल.

जुना_मॉडेम
शनिवार, सकाळी ६:५५

नाही गं. आणि असता तरी दिला नसता, तो माझा नव्हता.

त्या उन्हाळ्यात साहेबांनी सर्व्हरला नवीन तारखा शिकवल्या आणि लॉग युटीसीमध्ये, म्हणजे पुढे-मागे न होणाऱ्या जागतिक वेळेत, लिहायला लावले. त्याच दिवशी लॉग किती दिवस ठेवायचे तो आकडा त्यांनी ९० वरून १४ वर आणला. मी विचारलं, का? म्हणाले, डिस्क भरते. मी डिस्क बघितली. निम्मी रिकामी होती.